बाबांचा मांडव

सावईवेरे,
श्रावण वद्य, मंगळवार

प्रिय शाली,

तुझं पत्र मे महिन्यात आलं आणि उत्तर आता, चवथ तोंडावर आल्यावर. रागावण्याचा हक्क आहे तुला. गुडघा तसाच, बाकी सगळे बरे.

रविवारी रात्री बाबांचा मांडव पडला गो. विहिरीकडचा, पडवळांचा. इतरांना सांगितलं की 'नवा घाला' म्हणतात. तू त्याखाली बसून पाढे म्हटलेस, म्हणून तुला सांगते.

वाऱ्याला दोष देणार नाही. बाबा मिरगाआधी प्रत्येक खांबाचं बूड उकरून बघायचे, नरम लागलं की बदलायचे. यंदा मी नुसता वरचा सुंभ बदलला. दोन खांब मातीतच कुजले होते आणि वर पावसाने जडावलेला पाला. मुळं मात्र शाबूत! वेल सोडवायला गेले, तर ताण्यांनी सुंभाला असे वेढे घातलेले की ओढलं असतं तर शेंडे तुटले असते. चवळी असती तर काठीवरून उलगडता आली असती, तिला ताणे नसतात. शेवटी चौघांनी वेलासकट अख्खं छत उचललं आणि खाली बेळक्याचे नवे खांब दिले. हात सोडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काल तिन्हीसांजेला पांढऱ्या झालरीची फुलं उमललेली बघून रडूच आलं.

मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी लोखंडी पाइप आणि नायलॉनची जाळी. खांबांना पाइप चालेल, मी कबूल केलं. पण छताला सुंभच. हंगाम संपला की वाळक्या वेलासकट तो माडाच्या आळ्यात जातो. जाळीतला एकेक वाळका ताणा कोण वेचत बसणार? यावरून दोन दिवस घरात अबोला आहे.

तुझा फ्लॅट झाला, छान. लेकीला आशीर्वाद. गॅलरीत कारलं लाव, दोरी सोडली की पुरे.

आणि सहावीतलं आठवतं? सरळ वाढावं म्हणून तू पडवळाच्या टोकाला खडा बांधायचीस आणि मी तो लपून सोडायची, त्याला दुखेल म्हणून. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला तुझं पडवळ काठीसारखं, माझं शिंगासारखं. किती भांडलो!

मांडव पडला त्यात तीन कोवळी पडवळं वाकली आहेत. आज सकाळी तिघांनाही खडे बांधले. केवणीच्या सालीची दोरीही आणून ठेवली आहे. चवथीला ये, माटोळीला ती पडवळं तूच बांध.

तुझी,
मंगल