फोटोतला पिवळा रवा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी एक्सप्रेस सुटेपर्यंत आपण तुझ्या त्या गुळाच्या माहितीपत्रकावरूनच वाद घालत राहिलो, आणि सुनीमावशीकडे कधी जाणार ते विचारायचं राहूनच गेलं. फोनवर बोललं की तू चिडतेस, म्हणून लिहिते.

तुझ्या कामाचा मला अभिमान आहे गं. शेतकरी कंपनी, शहरातला खरेदीदार आणि संशोधन केंद्र, तिघांची भाषा वेगळी, आणि तिघांचं म्हणणं एकमेकांना कळेल असं मांडणारी तू. अण्णा असते तर सगळ्या पेठेला सांगत फिरले असते. धास्ती एकाच गोष्टीची वाटते. करारावर सह्या त्या तिघांच्या असतील, पण गावातली माणसं तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतील.

आता ते माहितीपत्रकच घे. मजकुरात 'रसायनविरहित गूळ', आणि फोटो लख्ख पिवळ्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा. हायड्रॉस, म्हणजे रंग उजळायला घालतात ती गंधकयुक्त पावडर, न घातलेला गूळ बहुतेक वेळा तांबूस, नाहीतर तपकिरी निघतो. गुजरातच्या गिऱ्हाइकाला पिवळा लागतो, सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, पिवळ्याला दर चढतो, म्हणून तर गुऱ्हाळावर हायड्रॉस येतं. तुझा फोटो त्याच पिवळ्याची जाहिरात करतोय. खरा रवा सावलीत, पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढ. फोनला रंग सुधारू देऊ नकोस. पण रंगावरून शुद्धता ओळखा असंही छापू नकोस, कारण उसाची जात, खारपड जमीन, रस उकळायच्या काहिलीखालचा जाळ या सगळ्याने रंग बदलतो. पुरावा द्यायचा तर सल्फर डायऑक्साइडच्या तपासणीचा अहवाल दे, आणि प्रत्येक लॉटचा वेगळा.

'रसायनविरहित' आणि 'सेंद्रिय' हे शब्द तू दोन ठिकाणी एकाच अर्थाने वापरलेस. काहिलीत भेंडीचा रस घालून मळी काढली, तरी शेतात युरिया पडलेला ऊस सेंद्रिय होत नाही. त्याला प्रमाणपत्र लागतं, पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह लागतं. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ मध्ये मिळालं, आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये. ते माल कुठला आणि त्याचं वैशिष्ट्य काय एवढं सांगतं. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ती झाली आहे का, हे छपाईआधी विचार. उद्या कोणी बोट दाखवलं तर खरेदीदार पुण्यात बसलेला असेल, आणि गावात तू उभी असशील.

बघ, परत तिथंच आले. शिकवणी लावल्यासारखं वाटत असेल तर माफ कर.

लहानपणी अण्णांच्या गुऱ्हाळावर तू काकवी खायला यायचीस, पण गुळव्याजवळून हलायची नाहीस. तो पाकाचे चार थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायचा. गोळी मऊ असली की अजून उकळू द्यायचा, टणक झाली की काहील उतरवायची. लवकर उतरवली तर रवा बसत नाही, उशीर झाला तर पाक करपतो. 'कसं कळतं?' म्हणून तू त्याला भंडावून सोडायचीस आणि तो तुझ्याच हातात गोळी द्यायचा. चटका बसला तरी तू ती टाकली नाहीस. त्या माणसाला विचारून घेतलेलं एक वाक्य तुझ्या माहितीपत्रकात असू दे. त्याच्या तोंडचे शब्द तसेच ठेव. 'शाश्वत अन्नव्यवस्था' त्याच्या तोंडी घालू नकोस. अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाचं सतरावं उद्दिष्ट, भागीदारी, सगळं येऊ दे. देणगीदार तेच वाचतात. गावासाठीचा मजकूर मात्र वेगळा लिही.

आणि तो मजकूर दूध संस्थेच्या फळ्यावर लाव. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिथं येतं, बायका तर हमखास. मोबाइलवर पाठवायचं तर दीड-दोन मिनिटांचा आवाजातला निरोप पाठव. लांबलचक कागद कोणी उघडत नाही. दर, मुदत, पैसे किती दिवसांत आणि माल नाकारला तर परतीचं भाडं कोणाचं, या चार गोष्टी पहिल्या अर्ध्या मिनिटात आल्या पाहिजेत. पत्रकार परिषद जूनमध्ये घेऊ नका, तेव्हा गुऱ्हाळांची चुलवाणं थंड असतात. दिवाळीच्या पाडव्याला सौदे निघतात, त्या सुमारास घ्या. फोटोसाठी संमतीपत्र मराठीत कर, आणि फोटो कुठं छापणार, किती दिवस वापरणार ते त्यात लिही. बायका गुऱ्हाळावर राबतात आणि फोटोत पुरुषच दिसतात, तेवढं बदल.

पावसाचं विसरू नकोस. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोळ-करवीरचा ऊस पुरात उभा होता. तसं पुन्हा झालं आणि पुरवठा कमी पडला, तर खरेदीदाराला कोण कळवणार, शेतकऱ्यांना कोण सांगणार आणि पेपरवाल्यांशी कोण बोलणार, हे आजच तिघांकडून कागदावर घे. दमट हवेत गूळ पाझरतो, तेही पाकिटावर छापा, नाहीतर तक्रारी सुरू होतील आणि लोक म्हणतील, भेसळ आहे.

निधी संपल्यावर काय, हे मी तुला दोनदा विचारलं. तू म्हणालीस, 'ते वरचे बघतील.' वरच्यांचा फोन नंबर गावात कोणाकडे असतो? तुझाच असतो. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी गावात बैठक घेऊन पुढचं सांगायचं, हे कलम घालून घे, आणि ते सांगायला कंपनीचा अध्यक्ष आणि खरेदीदाराचा माणूस दोघेही हजर हवेत. एकटीने जाऊ नकोस.

दादाने तुझं जुनं संमतीपत्र शोधून ठेवलंय, रविवारी पाठवेल. दुरुस्त केलेलं माहितीपत्रक छापायला देण्याआधी मला एकदा पाठव. मी फक्त फोटो आणि ते दोन शब्द बघेन.

तुझी,
आई