जीनोम वाचणारी माणसं जिल्ह्यात पण हवीत

संपादक साहेब, नमस्कार.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत कोरोनाच्या केसेस एकदम वाढल्या तेव्हा लोकांच्या बेफिकिरीवरच सगळं खापर फुटलं, मग २४ मार्चला केंद्राने 'डबल म्युटंट', म्हणजे दोन खास बदल असलेला विषाणू, सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच बी.१.६१७ घराण्यातला डेल्टा पुढे जगभर पसरला. मी तेव्हा तालुक्यात साथरोगाचं काम करत होतो. सॅम्पल पाठवायचो, खूप दिवसांनी रिपोर्ट यायचा, त्यात नुसतं व्हेरियंटचं नाव, त्याचं करायचं काय हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. फार हतबल वाटायचं.

मशीन कोरोना विषाणूच्या जीनोमची, म्हणजे त्याच्या जनुकीय माहितीची, जवळपास ३०,००० अक्षरं वाचून देतं, पण कुठला पेशंट कुणाच्या संसर्गाच्या साखळीतला, कुठल्या गावातून आला, हे त्या अक्षरांशी जोडायला फिल्डवरचाच माणूस लागतो. विषाणूचा व्हेरियंट आणि त्यातले बदल ओळखणारं नेक्स्टक्लेडसारखं टूल फुकट आहे, साध्या ब्राउझरमध्ये चालतं, डेटा कॉम्प्युटरबाहेर जात नाही. पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आहे, शिकवणारे इथेच आहेत ना! मग जिल्हा सर्वेक्षण अधिकारी आणि एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) मुलांना निदान दोन-तीन आठवडे तिथे बसवून, आपल्याच डेंग्यू-टीबीच्या डेटावर हाताने काम करू द्या, नुसते पीपीटी नकोत.

- एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, अमरावती जिल्हा