पुरवणीतला तो सल्ला नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की पुरवण्यांमधून अभ्यासाच्या युक्त्या येऊ लागतात. त्यात ‘मल्टिटास्किंग शिका’ हा सल्ला पुन्हा वाचला आणि राहवलं नाही.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चेतापेशीच्या धड्यात पोटॅशियम चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमच्या आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) जाऊ देणारी प्रथिनाची वाट, आला की एखादं चुणचुणीत मूल हमखास विचारतं, सोडियमचा आयन तर पोटॅशियमपेक्षा लहान, मग तो या वाटेने का जात नाही? फार सुंदर प्रश्न आहे. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूतल्या चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा त्याचं उत्तर डोळ्यांना दिसलं. २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. चॅनलच्या चिंचोळ्या भागात शिरताना ते उतरवावं लागतं. तिथे प्रथिनाचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशियमला गेलेल्या पाण्याची पुरेपूर भरपाई मिळते. सोडियम लहान, त्यामुळे त्याला ते नीट वेढू शकत नाहीत. भरपाई तोकडी पडते आणि तो बाहेरच राहतो. इतकी पारख करूनही सेकंदाला सुमारे दहा कोटी आयन पार होतात!

हे उमगायला आयनाचा आकार, पाण्याचं कडं आणि ऑक्सिजनची जागा एकाच वेळी डोक्यात धरावी लागते. मध्ये एक मेसेज वाचला की धागा तुटला, पुन्हा पहिल्यापासून. विचार लागणारी दोन कामं मेंदू एकदम करत नाही. तो एकातून दुसऱ्यात जातो, आणि त्यात वेळ जातो, चुका वाढतात. २००६ मध्ये फोर्डे, नोल्टन आणि पोल्ड्रॅक यांनी एक प्रयोग केला. शिकता शिकता आवाज मोजायला लावलेल्या लोकांनाही उत्तरं जमली, पण शिकलेलं वेगळ्या तऱ्हेने विचारल्यावर ते कमी पडले. मुलांचं नेमकं हेच होतं. व्याख्या पाठ असते, प्रश्न जरा फिरवला की गप्प.

त्याच वर्षी रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं, की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात; आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे. म्हणून मी चॅनलची आकृती पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढायला लावते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बहुतेकांचा हात सोडियमपाशी अडतो. मग पुस्तक उघडून तेवढाच परिच्छेद वाचायचा आणि दोन दिवसांनी आकृती पुन्हा काढायची.

पुढच्या पुरवणीत कृपया हे छापा. पालक तुमचं वाचतात, आणि ‘वहीसमोर बसलाय ना, मग फोन असेना का’ असं अजूनही पुष्कळ घरांत म्हटलं जातं.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका