भाडेकरूला प्रोबेशनवर ठेवायचे, तर फेरतपासणीचा हक्कही द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात भाड्याच्या घरांचा विषय आल्यापासून एक सूचना कानावर येते: सरकारी घरात येणाऱ्या नव्या भाडेकरूला वर्षभर प्रोबेशनवर ठेवा, नीट वागला तर कायम करा, इंग्लंडमध्ये असेच चालते. संक्रमण शिबिरांतील घुसखोरी पाहता हा मोह समजू शकतो. पण इंग्लंडच्या पद्धतीचा अर्धाच भाग सांगितला जातो.

तिथे १९९६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टने ही सोय केली. कौन्सिलवर, म्हणजे सरकारी घरे भाड्याने देणाऱ्या स्थानिक संस्थेवर, ती सक्तीची नाही. मात्र एकदा स्वीकारली की सगळ्या नव्या भाडेकरूंना लागू होते. अमका संशयास्पद वाटतो म्हणून त्याला एकट्यालाच प्रोबेशन, असे चालत नाही. आधीपासून सामाजिक घरात (कौन्सिलच्या किंवा गृहसंस्थेच्या) कायम भाडेकरू असलेले यातून वगळले आहेत. मुदत एक वर्षाची. तेवढ्यात कौन्सिलने काही हालचाल केली नाही, तर भाडेकरू आपोआप कायम होतो. अर्ज नाही, शिक्का नाही, साहेबांची सही नाही. आपल्याकडे पहिल्यांदा गळेल ती हीच तरतूद, आणि ‘प्रस्ताव विचाराधीन’ या शेऱ्याखाली माणसे वर्षानुवर्षे लटकतील. मुदत वाढवायची तर फक्त सहा महिने, आणि त्याची सकारण नोटीस वर्ष संपण्याच्या किमान आठ आठवडे आधी द्यावी लागते.

प्रोबेशनच्या काळात घर विकत घेण्याचा किंवा दुसऱ्या भाडेकरूशी अदलाबदल करण्याचा हक्क नसतो. दुरुस्तीचा हक्क मात्र असतो, आणि भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या जोडीदाराला घर मिळते.

खरा फरक घर खाली करून घेताना दिसतो. कायम भाडेकरूविरुद्ध कौन्सिलला कारण सिद्ध करावे लागते. प्रोबेशनवरच्याविरुद्ध कागदपत्रे नियमाप्रमाणे असली की न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागतो. मग हाती उरतात साधारण १४ दिवस, फार हलाखी असेल तर जास्तीत जास्त सहा आठवडे. २०११ मध्ये लीड्स आणि बर्मिंगहॅमच्या प्रकरणांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, घर काढून घेणे प्रमाणशीर, म्हणजे कारणाच्या मानाने अति तर नाही ना, हे तपासायला वाव ठेवला. पण त्या दारातून फार थोडे लोक आत जातात.

म्हणून सगळा भार कोर्टाआधीच्या नोटिशीवर पडतो. तिच्यात कारणे हवीत, दावा कोणत्या तारखेनंतर दाखल होईल ते हवे (आठवड्याच्या भाड्याला सहसा किमान चार आठवडे), या निर्णयाची फेरतपासणी मागण्याचा हक्क आणि मदत कुठे मिळेल हेही हवे. भाडेकरूने १४ दिवसांत फेरतपासणी मागायची. ती करणारा अधिकारी मूळ निर्णयात नसलेला आणि तो निर्णय घेणाऱ्यापेक्षा वरिष्ठ असावा लागतो. भाडेकरूने मुदतीत मागितले तर तोंडी सुनावणी द्यावी लागते. निकाल नोटिशीतल्या तारखेआधी कळवायचा असतो. इथे चूक झाली की कौन्सिलचा दावा अडचणीत येतो.

नोटिशीचे नेहमीचे कारण म्हणजे थकबाकी, आणि तीही पुष्कळदा बेजबाबदारपणाची नसते. भाडे बहुधा सोमवारपासून आठवड्याच्या हिशेबाने चढते; युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचे पहिले पैसे अर्ज केल्यावर सुमारे पाच आठवड्यांनी येतात. गाठीशी काही नसलेला माणूस सुरुवातीलाच पाच आठवडे मागे पडतो. कर्मचाऱ्याने फक्त खात्याचा उतारा पाहिला, तर तो बुडव्याच दिसणार. यावर उपाय साधे आहेत. करार सुरू होईल त्याच दिवशी भत्त्याचा अर्ज करायचा किंवा पत्ता-भाड्याचा बदल ऑनलाइन नोंदवायचा. भत्त्याची आगाऊ रक्कम मागायची. आणि भाडे थेट घरमालकाला जावे अशी विनंती करायची. दुसरे कारण आवाजाच्या तक्रारी. पातळ जमिनीच्या जुन्या फ्लॅटमध्ये नुसते चालणेही खालच्याला ऐकू जाते, आणि तक्रारीत तारीख-वेळ नसेल तर फेरतपासणीत उत्तर तरी कशाचे देणार?



महाराष्ट्रात हे आणायचेच असेल, तर भाड्याची पहिली तारीख पगारानंतरची ठेवा, मुदत संपताच आपोआप कायम होण्याची तरतूद कायद्यातच घाला, आणि नोटीस म्हाडाच्या उपमुख्य अधिकाऱ्याने काढली तर फेरतपासणी प्रकरणाशी संबंध नसलेल्या वरिष्ठाने, तीही नोटिशीतल्या तारखेआधी करावी, हे नियमांत स्पष्ट लिहा.

आपला,
गृहनिर्माण सल्ला क्षेत्रातील एक वाचक, लंडन