बाप्तिस्म्यापर्यंत थांबू नको, बाळंतपणाला ये

नागपूर, १९ मे

प्रिय बाबू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, ऑगस्टची सुट्टी मंजूर झाली, बाप्तिस्म्याला येतो. शीतल नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन जोजोच्या हातात दिला. तुला ते बरंच वाटलं असणार. मी समोर होते, मला तिचा चेहरा दिसला. म्हणून आज दोन्ही पोट्टे झोपलेत तेवढ्यात लिहायला बसले. फोनवर धड बोलणं होत नाही. एक तर चिकू मधे घुसते, नाही तर शीतल जवळ असते आणि लगेच म्हणते, "राहू द्या आई, त्यांना तिकडे अमिरातीत टेन्शन नका देऊ."

मला एकच सांगायचं आहे. बाप्तिस्म्यापर्यंत थांबू नको, बाळंतपणाला ये.

डॉक्टरांनी जूनचा तिसरा आठवडा सांगितला आहे. चिकूच्या वेळी सिझर झालं होतं म्हणून याही वेळी सिझरच. ३९ वा आठवडा लागला की तारीख देतील. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं. गर्भारपणात ते निदान ११ तरी हवं. लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं, म्हणून सलाईनमधून लोह दिलं. आता १०.४ आहे. गोळी चहासोबत घ्यायची नाही हे मी जोजोलाही सांगून ठेवलं आहे, आता तो पहारा देतो. रक्त लागलं तर चर्चमधल्या तरुणांपैकी दोघं देणार आहेत. तेव्हा घाबरून जाऊ नको, सगळं बघून राहिले आहे मी. पण काही गोष्टी मला होत नाहीत, आणि त्या पैशानेही होत नाहीत.

चिकूचंच घे. पोरगी दोन वर्षांची झाली तरी तिला अजून आईच्या कडेवर झोपायचं असतं. सिझर झालं की निदान सहा आठवडे शीतलला बाळाहून जड काही उचलता येणार नाही. चिकू बारा किलोची आहे. माझे गुडघे तुला माहीत आहेत. रात्री दोन वाजता ही उठून "आई, उचल" म्हणेल, तेव्हा तिला कोण उचलेल, सांग. कामाला बाई ठेव म्हणतोस, ठेवली आहे. ती सकाळी येऊन भांडी, केर-फरशी करून जाते. चिकू रात्री तिच्याकडे जाणार आहे का? माहेरून कोणी येईल असंही नाही. पहिल्या वेळी अमरावतीला तिच्या आईने सगळं केलं. पण आता त्या माउलीला अंथरुणावरच्या नवऱ्याला सोडून घराबाहेर पडता येत नाही.

आणखी एक. शीतल अजून ऑफिसला जाते, हे तुला माहीत आहे, पण का जाते हे कधी विचारलंस का? बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे मिळते, तिसऱ्याला १२. २०१७ साली कायदा बदलला तेव्हापासून असं आहे. त्या १२ मधले ६ आधी घेता येतात, पण ती घेत नाही. बाळाजवळ जास्त राहता यावं म्हणून एकेक दिवस राखून ठेवते. ४५ डिग्रीच्या उन्हात, तोंडाला ओढणी बांधून, आठव्या महिन्यात सीताबर्डीपर्यंत जाते-येते. मी डब्यासोबत पन्ह्याची बाटली देते. संध्याकाळी घरी आली की पाय सुजलेले असतात. पायांखाली उशी घेऊन कूलरसमोर पडते आणि त्याच अवस्थेत जोजोचं अक्षर बघते. कूलरमध्ये पाणी भरायचं काम मी तिच्याकडून काढून घेतलं. आता जोजो मगाने भरतो. निम्मं पाणी टाकीत जातं आणि निम्मं फरशीवर. पण तो कोणाला हात लावू देत नाही. "डॅडी नाही तर हे माझं काम आहे," म्हणतो. मोठा शहाणा पोरगा आहे तुझा. सात वर्षांच्या पोराने इतकं शहाणं असावं का, याचा मात्र मला घोर लागतो.

रविवारचंही सांगते, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे चित्र येईल. सकाळच्या मिस्सेला आम्ही चौघं सदरच्या चर्चला जातो. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो. चिकूला बाहेर न्यावं लागलं तर बरं पडतं. या रविवारी अर्पणाच्या वेळी तिच्या मुठीतलं नाणं निसटलं आणि घरंगळत पुढच्या बाकांखाली गेलं. ती त्याच्या मागे. शीतल उठली. पोट सांभाळत, एका हाताने बाकाची पाठ धरत तिसऱ्या बाकापर्यंत गेली आणि तिला घेऊन आली. तोवर सगळे गुडघ्यावर आले होते. हिला गुडघे टेकता येत नाहीत. ती बसून राहिली. उरलेल्या मांडीवर चिकू, खांद्याला टेकलेला जोजो, आणि तिचा श्वास लागलेला. नंतर ख्रिस्तप्रसाद घेऊन परतली तेव्हा डोळे मिटून बराच वेळ बसली. दोघांनीही तिला त्रास दिला नाही. मी प्रार्थना करायची सोडून तिच्याकडेच बघत राहिले. बाबू, तिथे तिच्या दुसऱ्या बाजूला तू हवा होतास. जोजो धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेला तसे फादर आले आणि म्हणाले, बाळंतपणाआधी आईला द्यायचा खास आशीर्वाद चर्चच्या पुस्तकात आहे, तो जूनच्या पहिल्या रविवारी देऊ. तिने लगेच विचारलं, "नवरा नसला तरी चालतो ना?" फादर चालतो म्हणाले. मला ते ऐकवलं नाही.

लोक बोलतात ते तुला ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. "तिसरं? या महागाईत?" हे तिला ऑफिसात ऐकावं लागतं, कॉलनीत ऐकावं लागतं, आपल्या चर्चच्या आवारातसुद्धा एकीने ऐकवलं. ती हसून टाळते. एकदा जोजोने ऐकलं आणि रात्री मला विचारलं, "आजी, बाळ नको होतं का आपल्याला?" मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, बाळ हवं आहे. तुझ्या आईला, डॅडीला, मला आणि देवाला. त्याने विचारलं, "डॅडीलापण?" मी हो म्हटलं. पण पोराचा विश्वास आपण तोंडी सांगून बसत नाही. तू दवाखान्याच्या दारात उभा दिसलास की मग बसेल.

तुझं लग्न आठव. वेदीपुढे फादरांनी तुम्हाला प्रश्न विचारले, त्यात एक होता: देव देईल ती मुलं तुम्ही प्रेमाने स्वीकाराल का? मी पहिल्या बाकावर होते. "हो" दोघांनी म्हटलं होतं. शीतल तो शब्द रोज पाळून राहिली आहे, उलट्या होत असताना, सुया टोचून घेताना, लोकांचं ऐकताना. तू तिकडे उन्हात राबतोस तेही त्याच शब्दासाठी, हे मला ठाऊक आहे. तुझ्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण वर्षातले थोडे दिवस असे असतात की तेव्हा कमावणारा बाप पुरत नाही, जवळचा बाप लागतो.

रात्री रोझरीची प्रार्थना होते. मे महिना मरियेचा, म्हणून एकही दिवस चुकू देत नाही. चिकूला माळ गळ्यात घालायची असते आणि क्रूस चावायचा असतो. जोजो आपल्या वाट्याच्या दहा नमो मरिया न अडखळता म्हणतो. त्याआधी हेतू सांगायचा असतो तेव्हा रोज एकच सांगतो: "डॅडीच्या साइटवर ऊन कमी पडू दे." १५ जूनपासून तिकडे दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, असं तू त्याला सांगितलं होतंस. तो ती तारीख कॅलेंडरवर बघत असतो. शीतल उशीखाली संत जेरार्डचं चित्र ठेवते, गर्भार बायकांचा कैवारी म्हणून. हे तिने मला सांगितलं नाही, चादर बदलताना दिसलं.

३१ तारखेला मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून बघ. देवदूताने सांगितलं तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. मरिया स्वतः नुकती गरोदर, तरी घाईने डोंगराळ भागात गेली आणि सुमारे तीन महिने तिथे राहिली. सहा आणि तीन किती होतात, ते जोजोनेच मला परवा बोटांवर मोजून दाखवलं. लूक ते तीन महिने एका ओळीत संपवतो. पण म्हाताऱ्या गर्भार बाईच्या घरात शेवटचे तीन महिने राहायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पाणी भरलं असेल, पीठ दळलं असेल, पाय चेपले असतील. घरात बोलायला माणूस नव्हतं, कारण तिच्या नवऱ्याची, जखऱ्याची, वाचा बंद झाली होती. रोझरीत आपण हे आनंदाच्या रहस्यांमध्ये म्हणतो, ते उगीच नाही.

तुझे पप्पा मालगाडीवर गार्ड होते. तुझ्या वेळी मला रेल्वे हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ते ड्यूटीवर होते. इटारसीहून मिळेल त्या गाडीने आले, अंगात युनिफॉर्म तसाच. पुढची बिनपगारी रजा त्यांनी काढली, आणि त्या महिन्यात आम्ही डाळ-भातावर भागवलं. आज त्यातलं मला फक्त त्यांचं येणं आठवतं.

आता कामाचं. तिकडच्या कायद्याप्रमाणे बापाला ५ दिवसांची पगारी रजा मिळते आणि ती बाळ झाल्यावर सहा महिन्यांत कधीही घेता येते, हे तूच चिकूच्या वेळी सांगितलं होतंस. ते ५ दिवस घे आणि ऑगस्टची सुट्टी जूनमध्ये ओढून आण. साहेबांना सरळ सांग की बायकोचं दुसरं सिझर आहे. नाहीच म्हणाले तर बिनपगारी घे. पप्पांच्या पेन्शनमधून मी थोडं बाजूला टाकलं आहे, तिकीट त्यातून होईल. मुंबईहून विमान महाग पडलं तर विदर्भ एक्स्प्रेस आहे, संध्याकाळी बसलास की सकाळी घरी. बाप्तिस्म्याचं मी फादरांशी बोलले. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत व्हावा असा चर्चचा नियमच आहे, तेव्हा तू इथे असतानाच साधेपणाने उरकू. जेवण घरचंच, मटण मी करीन. धर्मपिता कोण, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

तिकीट काढलंस की आधी शीतलला सांग, मला नंतर.

तुझी,
आई

ता. क. चॉकलेटं आणू नको, या घरात ती एक दिवस टिकत नाहीत. खजूर आण, चांगला, दोन किलो तरी. आणि जोजोसाठी झाकणाची छोटी बादली. मगाने पाणी भरून त्याचे हात दुखतात, पण तो कबूल करत नाही.