तुझ्या रॅकेटचा फोटो

प्रिय मनू,

काल फोन कट केलास ते बरं नाही केलंस, पण मीही "कथक सोडलंस, गिटार सोडलीस, आता टेनिसही सोडणार" असं म्हणायला नको होतं. बाबा रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी, म्हणजे बघ. कोपराबद्दल आज काहीही लिहिणार नाहीये, तू चिडतेस.

तू रागाने पाठवलेला तो फोटो मी चष्मा लावून झूम करकरून बघितला. अगं, ती माझीच काळी तार आहे! २०१९ ला मी खेळणं थांबवलं तेव्हापासून रॅकेट माळ्यावर, आजीच्या पितळी डब्यांशेजारी, आणि आपला माळा म्हणजे एप्रिल-मे मध्ये भट्टी. तार नुसती पडून राहिली तरी सैल होते, उष्णतेने तर जास्तच. तुला देताना नवी ग्रिप बसवली, कव्हर धुतलं, गटिंगचं, म्हणजे तारा बदलून घ्यायचं, डोक्यातच आलं नाही. उभी-आडवी तार एकमेकीवर जिथे घासते तिथे नखाने चाचप, खाचा लागतील. नवी तार फटक्याबरोबर सरकते आणि टुणकन जागेवर येते, बॉलला जास्तीची फिरकी, म्हणजे स्पिन, मिळतो तो त्यातूनच, खाचेत अडकलेली तिथेच बसून राहते. म्हणून तुला सारखे बोटांनी चौकोन सरळ करावे लागतात.

म्हणजे रॅकेटच बिघडलीये असं तू म्हणत होतीस तेच खरं. तोच हात, तोच फटका, एक बॉल नेटमध्ये आणि दुसरा थेट कंपाउंडबाहेर. आणि मी म्हटलं कारणं सांगू नकोस. चुकलं माझं. मुरलेल्या खेळाडूला आवाजावरून कळतं गं, नवशिक्याने चांगल्या तारेचा आवाज ऐकलेलाच नसतो, त्याला वाटतं आपलाच हात वाईट. मग बॉल बाहेर जाऊ नये म्हणून तो हात मध्येच आखडतो, मूठ आवळतो, कोर्टवर शिकवणारा मार्कर ओरडतोय पूर्ण फिरव आणि हा ब्रेक लावायला शिकतोय. आणि आवळलेली मूठ सगळी कोपरावर येते. बघ, आलंच शेवटी.

ती तार पॉलिएस्टरची. क्लबातल्या पोरांनी भरीस घातलं, ब्राझीलच्या कुएर्तेनने १९९७ ला फ्रेंच ओपन जिंकली ती ह्याच जातीच्या तारेवर म्हणे. मी चाळिशीची बाई, मला कशाला कुएर्तेनची तार! ते लोक एका मॅचमध्ये दोन-तीन रॅकेट बदलतात, मी दोन वर्षं तीच. आधीच कडक, त्यात मेली, म्हणजे ताण गेला, की दणका सरळ हातात. तुझी बारावी होती, आठवतंय? दुधाचं पातेलं उचललं की माझ्या कोपरात कळ यायची, फडकं पिळता यायचं नाही. तू पेपरच्या आदल्या दिवशी कणीक मळायला बसलीस, पोळ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या, बाबांनी चार खाल्ल्या. मला तेव्हा रडू आलं होतं, दुखण्याने नाही.

असो. गटिंग बदल. सिंथेटिक गट, म्हणजे नायलॉनची तार घाल, पॉलिएस्टरपेक्षा मऊ असते. तारेचा ताण फ्रेमवर ५० ते ६० पाउंड छापलाय, तू ५२ सांग. दुकानात बॅडमिंटनचंच काम जास्त असतं, तेव्हा टेनिसचीच तार घालतोय ना ते समोर उभी राहून बघ. "पॉली टिकते मॅडम" म्हणेल, नाही म्हण. आठवड्यातून जितके दिवस खेळतेस तितक्या वेळा वर्षात बदलायची असा साधा हिशेब आहे, तू तीन दिवस जातेस, म्हणजे तीनदा. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवत जाऊ नकोस, तू ठेवतेसच, मला माहितीये. झालं माझं लेक्चर, सॉरी.

ऑफिसच्या आधी सकाळी सहाला उठून कोर्टवर जातेस हे मी अख्ख्या भिशीत सांगून झालंय. सोडायचं असेल तर सोड, खरंच. पण नव्या तारेवर एक महिना खेळ आणि मग ठरव, मी काही बोलणार नाही.

पैसे जीपे केलेत, परत पाठवू नकोस.

आई

ता.क. तळवा खाली करून भरलेला तांब्या वरून धरून उचल आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय का सांग. दुखलं तर आधी फिजिओकडे, गटिंग नंतर. आणि बाबांना वेगळं, मला वेगळं सांगू नकोस.