गुलमोहराची फांदी राखणाऱ्या दादांना

दादा, स.न.वि.वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. पाडव्यानंतरच्या शनिवारी कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या वाळक्या फांद्या उतरवायला तुम्ही आला होतात, खांद्यावर निळा दोर होता. तुमच्या ओळखीच्या कुणी हे वाचलं, तर तुम्हाला वाचून दाखवावं एवढीच विनंती.

त्या फांदीवर आमचं अख्खं घर दीड महिना डोळे लावून बसलं होतं, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. फेब्रुवारीत सकाळी टुक-टुक-टुक असा ठोका ऐकू यायला लागला. मला वाटलं, कुणाच्या तरी घरात काम काढलंय. सासूबाईंचं माहेर कसब्यातलं, तांबट आळीच्या जवळचं. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "अगं, तांबट बोलतोय. थंडीभर गप्प असतो, ऊन तापायला लागलं की सुरू होतो." त्यांच्या लहानपणी आळीत तांब्याच्या हंड्यांवर हातोड्या पडायच्या, त्या अशाच एका लयीत.

मग आम्ही चौघं रोज साडेसहाला गॅलरीत. पण आठ दिवस पक्षी काही दिसेना. बोलताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी आंब्यातून आल्यासारखा वाटतो, कधी समोरच्या गच्चीवरून. अखेर तो सापडला आमच्या धाकटीला. माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी लाकडाचा बारीक भुसा पडलेला असायचा. तिने बोटाने तो गोळा केला आणि सरळ वर पाहिलं. गुलमोहराच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने एक गोल भोक होतं, आणि त्यातून चिमणीएवढा हिरवा पक्षी चोचीत भुसा धरून बाहेर डोकावत होता. कपाळ लालभडक, डोळ्यांभोवती आणि गळ्याला पिवळा रंग. दुर्बिणीतून पाहताना कळलं की टुक-टुक करताना त्याची चोच मिटलेलीच असते, नुसता गळा फुगतो. सासूबाईंनी जन्मभर आवाज ऐकला होता, पक्षी मात्र पहिल्यांदा पाहिला.

पुढे नर-मादी आळीपाळीने आत बसायला लागले. दयाळ, शिंजीर, बुलबुल यांची ओळखही त्याच गॅलरीत झाली. होळीच्या सुमारास वेताळ टेकडीवर फुललेला पळस बघून आलो. पण जीव अडकला होता तो त्या भोकात.

आणि त्या शनिवारी तुम्ही दोर घेऊन झाडावर चढलात. गेल्या पावसाळ्यात एक फांदी गाडीवर पडली होती, तेव्हा कमिटीचंही चूक नव्हतं. आम्ही सांगून पाहिलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. धाकटी गॅलरीतून ओरडली, "काका, तिथे घर आहे!" तुम्ही कोयता कमरेला खोचलात, फांदीला कान लावलात आणि म्हणालात, "ताई, आत पिल्लं हायती. बारीक चीं-चीं येतंय."

तुम्हाला मजुरी फांद्या तोडायची मिळणार होती. तरी तुम्ही खाली उतरून सेक्रेटरींशी बोललात. पार्किंगवर येणारा शेंडा तेवढा आधी दोराने बांधून घेतलात आणि हळूहळू सोडलात. भोकाकडचा चारेक हातांचा भाग तसाच ठेवलात. खालच्या गाड्याही स्वतः सांगून हलवून घेतल्यात. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागले, जास्तीचा एक पैसाही मागितला नाहीत. तेवढा वेळ तांबटाची जोडी समोरच्या वायरवर बसून होती. तुम्ही उतरलात आणि दहाव्या मिनिटाला त्यातला एक चोचीत लाल उंबर घेऊन आत शिरला. धाकटी तेव्हा रडली. खरं सांगायचं तर मीही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लं उडाली. आम्ही तीन मोजली. त्यांना अजून कपाळावर लाल रंग नाही, सगळी फिकट हिरवी. पहिलं पिल्लू सकाळी सात वाजता भोकाच्या तोंडाशी आलं, बराच वेळ नुसतं बघत राहिलं आणि एकदम आंब्यावर जाऊन बसलं. तेव्हा तुम्ही हवे होतात, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

दादा, मनापासून आभार. फांदी किडली आहे का ते पावसाआधी येऊन बघतो, असं तुम्ही म्हणाला होतात. अजून संध्याकाळी झोपायला तांबट त्याच भोकात येतो, तेव्हा दुपारचे या. आणि झाडावर चढायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर हाक मारा. धाकटीने वहीत तुमचं आणि त्या फांदीचं चित्र काढून ठेवलंय, निळ्या दोरासकट.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई